स्व-गणना ते प्रगणक मॅडम : जनगणनेच्या सेवेला माझे पाचपैकी चार स्टार

आधी स्टार सांगून टाकते, पाचपैकी चार. जनगणनेचं स्व-गणना पोर्टल, म्हणजे आपल्या घराची माहिती आपणच ऑनलाइन भरायची सोय, आणि त्यानंतर घरी येऊन गेलेल्या प्रगणक मॅडम, दोन्हीला मिळून देतेय, कारण नुसता ऑनलाइन फॉर्म भरला म्हणजे काम संपलं असं होत नाही, ते का ते पुढे सांगते. एवढं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे आमचं घर सोडून गल्लीतल्या अजून अकरा घरांचे फॉर्म मी त्यांच्या शेजारी बसून भरायला मदत केली. सोलापुरात अशोक चौकाजवळ आमची गल्ली, निम्मी घरं तेलुगू बोलणारी, दोन-तीन कन्नड, बाकी आमच्यासारखी मराठी, आणि त्या अकरा घरांत लोकांच्या मनात या मोजणीबद्दल काय काय बसलंय ते मी जे ऐकलं ते कुठल्याच बातमीत वाचायला मिळालं नव्हतं.

पोर्टलचं आधी सांगते. मे महिन्याचा पहिला पंधरवडा आपल्याकडे स्व-गणनेसाठी होता, त्यानंतर महिनाभर घरोघरी येणार असं ठरलेलं. दुपारी तर आपल्याकडे मे मध्ये दाराबाहेर पाय ठेववत नाही, म्हणून मी रोज संध्याकाळी सातनंतर एक-एक घर घेत होते. मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा, भाषा निवडायची, पत्ता भरायचा आणि मग नकाशावर आपल्या घरावर पिन टाकायची. सोळा भाषा आहेत, त्यात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळ्या आहेत, म्हणजे सोलापूरच्या एका गल्लीला लागतात तेवढ्या सगळ्या. समोरच्या अक्कांच्या सासूबाईंना तेलुगूत प्रश्न वाचून दाखवला तेव्हा त्या पलंगावरून उठून पुढे येऊन बसल्या, तोपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. या एका गोष्टीसाठी मी पूर्ण एक स्टार देते.

पिन टाकताना मात्र घाई करू नका. आमच्यासारख्या दाटीच्या भागात पिन मागच्या बोळात जाऊन बसते, झूम करून नीट आपल्याच छपरावर आणा. ओटीपी काही घरांत उशिरा आला पण तो रेंजचा प्रश्न, गच्चीवर गेलं की लगेच मिळत होता. एकूण ३३ प्रश्न आहेत, घराची फरशी, भिंत, छप्पर कशाचं, खोल्या किती, राहणारी माणसं किती, लग्न झालेली जोडपी किती, पाणी, लाइट, संडास, न्हाणी, गॅस, टीव्ही, इंटरनेट, गाडी, असं. पहिल्या घराला चाळीस मिनिटं लागली, नंतर हात बसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत होत होतं. सबमिट केलं की एक एसई आयडी, म्हणजे स्व-गणनेचा नंबर, मिळतो, तो जपून ठेवायचा आणि प्रगणक आले की दाखवायचा. सगळं फुकट आहे. हे मुद्दाम लिहितेय कारण आमच्या भागातल्या एका झेरॉक्स-नेट वाल्याने एकेका फॉर्मचे शंभर रुपये घेतले आणि वर लोकांना सांगितलं की हा भरला नाही तर रेशन बंद होईल. विड्या वळणाऱ्या बाईच्या हातात शंभर रुपये यायला किती पानं कातरायची, किती विड्या वळायच्या ते तिलाच माहीत. असं सांगून पैसे घेणं मला फार लागलं.

आता लोकांचं. पहिल्याच घरात काकूंनी मला बघून फ्रिजवर चादर टाकली. खरंच टाकली, निळी चौकडीची चादर, आणि म्हणाल्या, "अगं सगळं लिहून घेतील आणि पिवळं कार्ड काढून घेतील." मी त्यांना अख्खी प्रश्नांची यादी मोबाईलवर दाखवली. फ्रिजचा प्रश्नच नाही. सोन्याचा नाही, पगाराचा नाही, बँक खात्याचा नाही, आधार नंबर नाही, पॅन नाही. रेडिओ, टीव्ही, इंटरनेट, कॉम्प्युटर, मोबाईल, सायकल, स्कूटर, कार आहे का एवढंच विचारतात. काकूंनी यादी दोनदा वाचून घेतली, मग चादर काढली आणि मला ताक दिलं.

दुसऱ्या टोकाला एक घर असं की तिथे सगळं वाढवून सांगायची तयारी. ३३ प्रश्नांत एक प्रश्न आहे, घरात मुख्य धान्य कुठलं खाता. त्या घरात दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी होते, मी गेले तेव्हा सुद्धा वहिनी परातीत भाकरी थापत होत्या, कडक भाकरीची चळत कोपऱ्यात फडक्यात बांधून ठेवलेली, आणि कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतोय "गहू टाका ना, बरं दिसतंय." अरे, मंगळवेढ्याची मालदांडी अख्खा महाराष्ट्र नाव घेऊन विकत घेतो आणि सोलापुरातल्या घराने फॉर्मात ज्वारी लिहायला लाजायचं? त्याच्या वडिलांनीच शेवटी दरडावलं, "खातोस काय? ते लिही." मी ज्वारी टाकली.

ही दोन घरं बघून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, आपल्याकडे सरकारी कागद म्हटला की तो अर्जच वाटतो. अर्ज म्हणजे काहीतरी मिळणार नाहीतर काहीतरी कापलं जाणार, मग माणूस आधी विचार करतो की काय लिहिलं तर आपला फायदा. लाडकी बहीणचे पैसे थांबतील का, घरपट्टी वाढेल का, भाडेकरू दाखवला तर मालक काढेल का, हेच प्रश्न मला प्रत्येक घरात आले. आणि त्यांना दोष तरी कसा देऊ, आजवर ज्या ज्या कागदावर सही केली त्यातून काहीतरी झालंच आहे त्यांचं, बरं किंवा वाईट. पण जनगणना अर्ज नाही हे त्यांना कुणीतरी शांतपणे बसून सांगायला पाहिजे. जनगणना कायदा १९४८ चा आहे, त्याच्या कलम १५ मध्ये सरळ आहे की एकेका घराची ही माहिती कुणाला बघायला मिळत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. आणि माहिती बाहेर सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. उत्तर नाकारलं किंवा मुद्दाम खोटं सांगितलं तर आपल्यालाही हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पण हे मी कुठल्याच घरात सांगितलं नाही, आधीच घाबरलेल्या माणसाला अजून घाबरवून खरं उत्तर मिळत नाही असं माझं मत आहे.

त्यापेक्षा रेशनची गोष्ट लोकांना लगेच कळली. पलीकडच्या घरातल्या सुनेचं आणि तिच्या दोन पोरांचं नाव रेशनकार्डावर आहे, पण धान्य मिळत नाही, गेलं की एकच ऐकायचं, इष्टांक संपलाय. हा इष्टांक म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं त्याचा ठरलेला आकडा, आणि तो आजही २०११ च्या लोकसंख्येवर धरलेला आहे. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे झालीच नाही. म्हणजे २०११ नंतर जन्मलेली पोरं शाळेत सातवी-आठवीला गेली तरी त्या हिशोबात ती नाहीतच. जानेवारीत आपण महापालिकेला मतदान केलं त्या प्रभागांची लोकसंख्यासुद्धा २०११ चीच धरलेली होती. हे सांगितल्यावर ती सून म्हणाली, "मग आमच्या घरात सातजण आहेत ते नीट लिहा ताई, पाच नका लिहू." तिच्या सासऱ्यांनी आधी पाच सांगितले होते, कमी सांगितलेलं बरं म्हणून.

कुटुंब कशाला म्हणायचं यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि इथे पोर्टलवर अजून सोप्या भाषेत समजावायला पाहिजे होतं. नियम साधा आहे, जे एकत्र राहतात आणि एका चुलीवरचं जेवतात ते एक कुटुंब. पण आमच्या मागच्या घरात दोन भाऊ, एकच दार, एकच जिना, लाइटचं मीटर एकच, आणि चुली दोन. थोरल्याला वाटतंय दोन लिहिलं तर भाऊ वेगळे झाले असं कागदावर येईल आणि म्हातारीला वाईट वाटेल. अर्धा तास तिथे बसले मी. शेवटी म्हातारीच म्हणाली की दोन गॅस आहेत हे गल्लीला माहीत आहे, सरकारपासून काय लपवायचं. मग दोन फॉर्म भरले, दोघांच्या दोन मोबाईलवरून. त्याच घरात खाली पुढच्या खोलीत दोन माग आहेत, टॉवेलचे, दिवसभर खटखट चालू. घराचा वापर कशासाठी या प्रश्नात राहण्यासोबत दुसरा वापर असाही पर्याय आहे, तो निवडला. पूर्व भागात अशी घरं किती आहेत, पुढे माग आणि मागे संसार, ती नुसती राहण्याची म्हणून लिहिली गेली तर त्या मागाच्या आवाजात झोपणारी पोरं कुठल्या आकड्यात दिसायची?

आता जे लिहिते ते लिहिताना मला अजून जड जातंय. गल्लीच्या टोकाला एक मावशी आहेत, मुलगा पुण्याला हिंजवडीत नोकरीला, चार वर्षं झाली, सूनही तिकडेच. घरात राहणारी माणसं किती? मावशी म्हणाल्या, चार. मी म्हटलं, मावशी, इथे कायम राहतात तेवढेच सांगायचे. त्या म्हणाल्या, "तो इथलाच आहे की ग. त्याचं अंथरूण अजून वर ठेवलंय मी." मी काहीच बोलले नाही थोडा वेळ. मुलाची मोजणी पुण्यात व्हायला पाहिजे, तिथे त्याच्या पाण्याची, रस्त्याची, दवाखान्याची सोय मोजली जाते, नाहीतर तो दोन्हीकडे धरला जाईल किंवा कुठेच नाही. सोलापूर शहर २००१ ला पावणेनऊ लाखांच्या घरात होतं आणि २०११ ला साडेनऊ लाख, दहा वर्षांत एवढीच वाढ, आणि ती का एवढी कमी ते आकडा बघून नाही कळणार, मावशींच्या घरात वरच्या फळीवर घडी घातलेलं अंथरूण बघून कळतं. गिरण्या गेल्या, मग पोरं पुण्याला गेली. मावशींनी शेवटी स्वतःच दोनचा आकडा दाबला, मी बोट लावलं नाही.

आणि कोपऱ्यावरच्या आजी. एकट्या राहतात, छपराला जुनं माळवद आणि त्यावर गळू नये म्हणून पत्रे. कुटुंबप्रमुखाचं नाव विचारलं तर त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि गप्प झाल्या, आजोबांचं नाव त्या घेत नाहीत, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी. मी म्हटलं आजी, आजोबांचं नाव नको आहे, या घरात आता तुम्हीच प्रमुख, तुमचं नाव सांगा. "माझं?" असं विचारून त्यांनी आधी माहेरचं नाव सांगितलं, मग सासरचं, मग म्हणाल्या दोन्हीतलं कुठलं चालेल ते लिही. घरी येऊन मी कायदा वाचला तर त्यात ही तरतूद खरंच आहे, रिवाजाप्रमाणे जे नाव घेणं बाईला वर्ज्य असेल, नवऱ्याचं किंवा वारलेल्या नवऱ्याचं, ते सांगायची तिच्यावर सक्ती नाही. १९४८ साली कुणीतरी अशा आजींचा विचार करून हे लिहून ठेवलं, मला फार बरं वाटलं वाचून.

जातीबद्दल पण सगळ्यांनी विचारलं, आणि तिथे घाबरून नाही, उलट उत्साहाने. या टप्प्यात कुटुंबप्रमुख अनुसूचित जातीचे, जमातीचे की इतर एवढंच विचारतात. सगळ्यांची जात नोंदवणार ते दुसऱ्या टप्प्यात, फेब्रुवारी २०२७ मध्ये. १९३१ नंतर सगळ्या जातींची मोजणी जनगणनेत झालेली नाही, त्यामुळे आमच्याकडचे पद्मशाली समाजाचे एक अण्णा आतापासून तयारीत आहेत, नाव कसं लिहायचं, पोटजात सांगायची का, सगळ्यांनी एकच सांगायचं का, रोज संध्याकाळी कट्ट्यावर हीच चर्चा.

एक स्टार कापला तो पाण्यासाठी. पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत काय? नळ. तो घरात आहे, जवळ आहे की लांब? घरात आहे. झालं, प्रश्न संपला, कागदावर आमचं घर रोज पाणी येणाऱ्या कुठल्याही शहरातल्या घरासारखंच. पण आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कधी रात्री दोनला, बॅरल, हंडे, कळशा, पिंप, जे असेल ते भरून ठेवायचं, लग्नाला जायचं तर आधी पाण्याचा दिवस बघायचा. उजनी धरण एवढं भरतं आणि सोलापुरात घरोघरी न्हाणीत बॅरलांची रांग असते हे या देशाच्या मोजणीत कुठेच येणार नाही कारण किती दिवसांनी पाणी येतं हा प्रश्नच नाही. ३३ च्या जागी ३४ प्रश्न केले असते तर काय बिघडलं असतं? मी अकरा घरं फिरले, अकराही घरांत हा प्रश्न मला उलटा विचारला गेला, "किती दिवसाला येतंय ते नाही का विचारलं?"

आता प्रगणक मॅडम. शाळेत शिक्षिका आहेत, सुट्टी चालू असताना ही ड्युटी. एकेकाला साधारण सातशे-आठशे लोकवस्तीचा भाग असतो आणि हे सगळं पायी. आमच्याकडे सकाळी साडेनऊला आल्या, गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर ओला रुमाल, हातात मोबाईल आणि एक पॅड ज्यावर त्यांनी गल्लीचा कच्चा नकाशा स्वतः पेनाने काढलेला, घराघराचा चौकोन. आमचा एसई आयडी घेतला, माहिती जुळवली, दोन गोष्टी परत विचारल्या, पाच मिनिटांत झालं. ज्यांनी ऑनलाइन भरलं नव्हतं त्यांच्याकडे पंचवीस-तीस मिनिटं बसावं लागत होतं. रेंज नसेल तरी ॲप चालतं, नंतर माहिती वर जाते, त्यामुळे कुठे अडलं नाही. बोलायला इतक्या नीट, कुणाला एकेरी हाक नाही, कुणाच्या घरात डोकावणं नाही, आजींच्या दारात चप्पल काढून खाली बसल्या.

पण लोक त्यांच्याशी जसे वागले ते मला आवडलं नाही. तीन दारं आतून टीव्हीचा आवाज येत असताना उघडली नाहीत. एकाने "परवाच झालं की आमचं" म्हणून सांगितलं, झालं काहीच नव्हतं. जुळे सोलापुरात माझी बहीण राहते, तिच्या अपार्टमेंटच्या वॉचमनने तिथल्या प्रगणकांना गेटवरूनच परत पाठवलं, सेल्समन समजून, दोन वेळा, भर उन्हात. शिकलेली, गाड्या असलेली माणसं राहतात तिथे आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा काय, तर यांना आत सोडायचं का. बहिणीने मग स्वतः खाली जाऊन त्यांना वर आणलं आणि प्रत्येक मजल्यावर बेल वाजवत सोबत फिरली. आमच्या विडी कामगार बायकांनी कामाचं सूप बाजूला ठेवून उत्तरं दिली, ती पण हजेरीचा वेळ जात असताना, आणि एसीत बसलेल्यांना दहा मिनिटं नव्हती.

ओटीपीबद्दल एक राहिलं. लोक ओटीपी द्यायला घाबरतात ते बरोबरच आहे, इतकी फसवणूक चालू आहे. मी कुणाचाच ओटीपी विचारला नाही, ज्याचा मोबाईल त्यानेच टाकायचा. फोन करून जनगणनेच्या नावाखाली कुणी ओटीपी किंवा आधार किंवा खाते नंबर मागितला तर सरळ फोन ठेवा. दारात आलेल्या माणसाचं ओळखपत्र बघायला मागा, मॅडमनी स्वतःच पुढे करून दाखवलं होतं, त्यात त्यांना काही वाईट वाटत नाही.

ज्यांना अजून शंका आहे त्यांनी ३३ प्रश्नांची यादी एकदा वाचा, भीती निम्मी तिथेच जाते. मोबाईल येत नसेल तर ऑनलाइनच्या मागे लागू नका, प्रगणक येतातच, त्यांना सांगितलेलं तेवढंच पक्कं. आणि फेब्रुवारीत परत येतील तेव्हा घरातल्या प्रत्येक माणसाची वेगवेगळी माहिती लागेल, भाषा, शिक्षण, काम, जात, तेव्हा जन्मतारखा आधीच एका कागदावर काढून ठेवा, आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तारखांसाठीच सगळ्यात जास्त थांबावं लागणार आहे. आजींना त्यांचा जन्म एवढाच माहीत आहे की त्या वर्षी जुनी मिल चालू होती. परवा त्यांच्याकडे गेले तर एसई आयडीची चिठ्ठी त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली होती, आणि मला म्हणाल्या, "ती मॅडम परत आली की मला उठव, मी झोपलेली असले तरी."